पुर्नुलुलूचा एक दिवस : त्रेपन्न किलोमीटरचा कच्चा रस्ता आणि पाचचा सूर्यास्त

प्रकरण असे. जुलैचा मध्य. चार प्रौढ माणसे, भाड्याने घेतलेली एक डिझेल टोयोटा प्राडो. मुक्काम पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागात, ग्रेट नॉर्दर्न हायवेवर पुर्नुलुलू राष्ट्रीय उद्यानाच्या फाट्यालगतच्या कॅरव्हॅन पार्कात. हातात एकच दिवस. पाहायचे आहे ते सगळे : दक्षिणेचे पट्टेदार घुमट आणि कॅथीड्रल गॉर्ज, उत्तरेची एकिडना चॅझम ही अरुंद घळ, आणि जमल्यास उत्तरेचीच मिनी पाम्स ही वाट. माणसे उदाहरणापुरती आहेत. रस्ता, अंतरे आणि अडचणी खऱ्या आहेत. पर्थ, मेलबर्नहून सुट्टीत किंबर्लीला जाणाऱ्या मराठी कुटुंबांसमोर नेमका हाच प्रश्न येतो : एका दिवसात दोन्ही बाजू होतात का?

होत नाहीत. नकाशावर मात्र सहज होतील असे वाटते, म्हणून हिशेब नीट मांडायला हवा.

जागा आणि खडक

पुर्नुलुलू राष्ट्रीय उद्यान १९८७ साली जाहीर झाले आणि २००३ साली जागतिक वारसा यादीत आले. क्षेत्रफळ जवळपास २ लाख ४० हजार हेक्टर. गिजा आणि जारू लोकांची ही पिढीजात भूमी. ज्यांचे फोटो सगळीकडे दिसतात ते बंगल बंगल डोंगररांगेचे घुमट उद्यानाच्या दक्षिण भागात आहेत. डेव्होनियन काळातल्या, म्हणजे सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वीच्या वालुकाश्माचे हे घुमट. त्यांवरचे काळसर पट्टे जिवंत आहेत. वालुकाश्माच्या ज्या थरांत चिकणमातीचे प्रमाण जास्त, तिथे ओल टिकते आणि सायनोबॅक्टेरिया या सूक्ष्मजीवांचा पातळ थर वाढतो. मधले थर लवकर सुकतात, तिथे हा थर धरत नाही, आणि उघड्या पडलेल्या लोहाला गंज चढून नारिंगी रंग येतो. वरची ही साल शाबूत आहे तोवरच घुमट उभे आहेत, कारण आतला दगड ठिसूळ आहे. म्हणून घुमटांवर चढायचे नाही आणि पायवाट सोडायची नाही.

उत्तरेकडे खडकच वेगळा. एकिडना चॅझम ही गोट्यांच्या खडकात, म्हणजे कॉन्ग्लोमरेटमध्ये कापली गेलेली घळ आहे. भिंतींतून सुटलेले गोल गोटे तळाशी पसरलेले असतात आणि पावलाखाली फिरतात. सांदण दरीत बेसॉल्टच्या मोठ्या धोंड्यांवर पाय रोवून चालण्याची सवय असलेल्यांनी हे लक्षात ठेवावे. तिथे दगड पायाला आधार देतो, इथे तोच निसटतो. दोन किलोमीटरची ही वाट जाऊन-येऊन तासात होते खरी, पण घोटे सांभाळून चालणाऱ्यांनी सव्वा तास धरावा.

घड्याळ

या दिवसाचा खरा अडसर गाडी नव्हे, घड्याळ आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियाचे घड्याळ पर्थच्या सोयीचे आहे आणि पुर्नुलुलू पर्थच्या बरेच पूर्वेला, सुमारे साडेबारा रेखांश पलीकडे. म्हणजे सूर्य पन्नास मिनिटे आधी डोक्यावर येतो. त्यात जुलै हा तिथला हिवाळा. जुलैच्या मध्यावर सूर्योदय सहाच्या सुमारास, मध्यान्ह साडेअकराला आणि सूर्यास्त पाच वाजून पाच-सात मिनिटांनी. साडेपाचनंतर रस्त्यावरचा खड्डा आणि सावली यांतला फरक कळत नाही. भारतातल्या सवयीने 'सहापर्यंत उजेड आहेच' असे धरून निघालेला माणूस इथे पहिली चूक करतो.

अंतरे अशी. महामार्गापासून उद्यानाच्या माहिती केंद्रापर्यंत स्प्रिंग क्रीक ट्रॅक, ५३ किलोमीटर. सुरुवातीचा भाग माबेल डाउन्स या गुरांच्या स्टेशनातून, म्हणजे विस्तीर्ण चराऊ जमिनीतून जातो. माहिती केंद्रापासून दक्षिणेला घुमटांजवळचे पिकानिनी पार्किंग सुमारे २७ किलोमीटर, उत्तरेला एकिडना चॅझम सुमारे २० किलोमीटर. म्हणजे दोन्ही बाजूंमध्ये ४७ किलोमीटर, आणि सगळा रस्ता कच्चा. एका बाजूच्या फेरीला तब्बल दीडशे-एकशे साठ किलोमीटर, दोन्ही बाजूंना दोनशे.

ट्रॅकला एका दिशेने दोन ते तीन तास लागतात. इथे सरासरी ताशी २२ किलोमीटर धरली आहे. कोरड्या हंगामाच्या मधल्या महिन्यांत, रस्त्यावर वाहतूक असताना आणि ओढ्यांत पाणी कमी असताना हा आकडा योग्य आहे. ग्रेडर, म्हणजे रस्ता सपाट करणारे यंत्र, नुकताच फिरलेला असेल तर दहा-पंधरा मिनिटे वाचतात, पण तो फिरला आहे की नाही हे आदल्या दिवसापर्यंत कळत नाही. ती मिनिटे योजनेत धरू नयेत.

आता दोन्ही बाजूंची योजना तपासू. पहाटे ५:५० ला निघाले, ८:१५ ला माहिती केंद्र, नोंदणी आणि प्रवेश शुल्क उरकून ८:३०. आधी दक्षिण : ९:२० ला पिकानिनी, घुमटांचे वर्तुळ आणि कॅथीड्रल गॉर्ज मिळून दोन तास, ११:२० ला परत फिरलो तर एकिडनाला पोहोचायला पाऊण वाजून जातो. पण एकिडनाचे वैशिष्ट्य म्हणजे भिंतींवर उतरणारे ऊन, आणि घळ इतकी अरुंद की सूर्य डोक्यावर असतानाच ते तळापर्यंत पोहोचते : अकरा ते बाराच्या दरम्यान. म्हणजे ज्यासाठी गेलो तेच हुकले. तिथून दोनला निघून पावणेतीनला माहिती केंद्र आणि थेट बाहेर, सव्वापाच. कागदावर जेमतेम जमते. जेवण धरलेले नाही, समोरून येणाऱ्या बसला वाट देणे धरलेले नाही, पंक्चर तर नाहीच.

उलट क्रमाने, आधी उत्तर धरली तर ९:१५ ला एकिडनाला पोहोचून उन्हासाठी पावणेदोन तास थांबावे लागते. तो वेळ मिनी पाम्सच्या वाटेला जातो. पावणेबाराला निघून सव्वाला पिकानिनी, तीन-सव्वातीनला परतीला लागायचे, चारच्या पुढे माहिती केंद्र आणि तिथून ५३ किलोमीटर. शेवटचा तासभर अंधारात, आणि कुंपण नसलेल्या गुरांच्या पट्ट्यात. ही योजना रद्द.

तेव्हा पर्याय दोन. एक तर उद्यानात रात्र काढायची. दक्षिणेला वालार्डी, उत्तरेला कुराजाँग असे दोन तळ आहेत. आगाऊ नोंदणी लागते. आमच्या मते हाच सर्वांत चांगला मार्ग आहे आणि जमत असेल तर दुसरा विचारही करू नये. पण या प्रकरणात दिवस एकच आहे. म्हणून एक बाजू निवडायची, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याने दक्षिण निवडावी. घुमट जगात क्वचित कुठे असे आहेत. अरुंद घळ सह्याद्रीतही पाहता येते.

ठरलेली योजना

५:५० ला निघणे. ९:२० ला पिकानिनी पार्किंग. घुमटांचे छोटे वर्तुळ आणि कॅथीड्रल गॉर्ज एकाच वाटेने जोडलेले आहेत, दोन्ही मिळून दोन तास. त्यात गॉर्जच्या टोकाशी अर्धा तास बसणे धरले आहे. पावसाळ्यात वरून कोसळणाऱ्या पाण्याने तिथे खडक आतून कोरत नेला आहे. वर छतासारखा बाहेर आलेला कडा, खाली वाळू आणि बहुधा एक डबके. बारीकसा आवाजही भिंतींवरून फिरून येतो, म्हणून तिथे मोठ्याने बोलू नये; बाकीचे लोक ती शांतता ऐकायलाच आलेले असतात. साडेअकराला पिकानिनी क्रीकच्या लुकआउटकडे, जाऊन-येऊन तीन किलोमीटरच्या आत, एक तास. कोरडे पात्र म्हणजे पाण्याने घासलेला सपाट खडक आहे, त्यावर सावली नाही. टोपी आणि माणशी दीड लिटर पाणी बरोबर. परत येऊन जेवण.

बरोबर एक वाजता गाडी हलली पाहिजे. ही वेळ सकाळी सगळ्यांसमोर मोठ्याने सांगून ठेवावी. कोणाला अजून फोटो हवे असतील तरी ती बदलत नाही. एकला निघाले की १:५० ला माहिती केंद्र, दहा मिनिटे टायर तपासायला, आणि ४:२५ ला महामार्ग. सूर्यास्ताला चाळीस मिनिटे शिल्लक. ही चाळीस मिनिटे एका चाकाच्या बदलीसाठी राखलेली आहेत, दुसऱ्या कशासाठीही नाहीत.

जाताना सूर्य समोर, येतानाही समोर, कारण उद्यान महामार्गाच्या पूर्वेला आहे. सकाळी उगवतीकडे तोंड, दुपारी मावळतीकडे. धुळीने माखलेल्या काचेवर तिरके ऊन पडले की समोरचे काहीच दिसत नाही. दोन्ही वेळा निघण्यापूर्वी काच आतून-बाहेरून पुसावी आणि वायपरची टाकी भरलेली असावी. फार साधी गोष्ट आहे, आणि विसरली जाते.

गाडी आणि करार

उद्यानात फक्त उंच, खऱ्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्या जातात. कॅरव्हॅन महामार्गावरच ठेवावी लागते. लो रेंज, म्हणजे कमी वेगात जास्त जोर देणारी गिअरची सोय, नसलेली एसयूव्ही चालत नाही. भाड्याच्या गाडीत पहिला प्रश्न इंजिनाचा नसून कराराचा असतो. बऱ्याच करारांत डांबर सोडले की विमा संपतो, आणि काहींत स्प्रिंग क्रीक ट्रॅकसाठी वेगळी लेखी परवानगी लागते. 'फोर-व्हील-ड्राइव्ह दिली आहे म्हणजे चालेल' हा अर्थ कराराला मान्य नसतो. परवानगी नसेल तर कॅरव्हॅन पार्कातून निघणाऱ्या मार्गदर्शित बसने जावे. दिवस तोच, जबाबदारी त्यांची.

या प्रकरणातल्या प्राडोत दीडशे लिटरची जोडटाकी आहे, त्यामुळे डिझेलची चिंता नाही. खडतर, मंद रस्त्यावर शंभर किलोमीटरला पंधरा लिटर धरले तरी दिवसभरात पंचवीस लिटर. तरीही टाकी भरून जावे, कारण उद्यानात इंधन, दुकान, खाणे काही नाही. सर्वांत जवळचा पंप वॉर्मन, फाट्यापासून ५३ किलोमीटर उत्तरेला. हॉल्स क्रीक १०९ किलोमीटर दक्षिणेला. पाणी माणशी पाच लिटर, शिवाय गाडी अडकून रात्र काढावी लागली तर म्हणून वीस लिटर वेगळे. जुलैत रात्री थंडी असते, म्हणून माणशी एक ब्लँकेटही.

मोबाईलला उद्यानात रेंज नाही. सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारे यंत्र घ्यावे. जीवावर बेतले तरच वापरायचा ४०६ मेगाहर्ट्‌झचा बीकन, म्हणजे बचावाची हाक देणारे यंत्र, वेगळा. पंक्चर किंवा तुटलेला शॉकअब (धक्के शोषणारा दांडा) हे बीकन दाबायचे कारण नव्हे. गाड्यांनी आपसांत बोलायचा यूएचएफ रेडिओ असेल तर चॅनल ४० वर ठेवावा आणि समोरून येणाऱ्यांना आपली जागा सांगत राहावे. चॅनल ५ आणि ३५ फक्त आणीबाणीसाठी आहेत.

टायरमधली हवा

इथे सर्वाधिक लक्ष द्यावे. एलटी (लाइट ट्रक) प्रकारच्या ऑल-टेरेन टायरांत महामार्गासाठी ३६–३८ पीएसआय हवा असेल तर या ट्रॅकसाठी २६–२८. म्हणजे साधारण चौथा हिस्सा कमी. हवा आदल्या संध्याकाळी, टायर थंड झाल्यावर काढून ठेवावी. कॅरव्हॅन पार्क ट्रॅकच्या तोंडाशीच असल्याने डांबरावर कमी हवेने पळावे लागत नाही.

कमी हवेचा टायर जमिनीवर लांबट पसरतो, टोकदार दगडावर आदळण्याऐवजी त्याला आत घेतो आणि पन्हळींचा, म्हणजे कच्च्या रस्त्यावरच्या आडव्या लाटांचा धक्का स्वतः झेलतो. तो धक्का शॉकअब, सांध्यांतली रबरी बुशे आणि तुमच्या कंबरेपर्यंत कमी पोहोचतो. पण त्याची किंमत आहे. कमी हवेने टायरची बाजू बाहेर फुगते आणि रस्त्याकडेच्या धारदार दगडांना लागते. म्हणून वाळूतला आकडा, १८–२० पीएसआय, इथे वापरू नये. पार्किंगच्या आसपास मऊ वाळू लागली तर लो रेंज आणि हलका पाय पुरतो.

तासाभराने थांबून गरम टायरची हवा मोजावी. २८ ने निघालो आणि ३२ ते ३४ दिसत असेल तर बरोबर. ३५ च्या वर गेली असेल तर टायर जास्त वाकतो आहे, म्हणजे वेग जास्त आहे किंवा भार जास्त आहे. गरम टायरची हवा काढणे हा त्यावर उपाय नव्हे. त्याने टायर आणखी वाकतो आणि आणखी तापतो. वेग कमी करायचा.

पन्हळींवर 'ऐंशीने पळव, गाडी तरंगते' हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. लांब, सरळ, मोकळ्या रस्त्यावर त्यात तथ्य आहे, कारण चाक लाटेच्या माथ्यांवरूनच जाते. पण माथ्यांवरून जाणाऱ्या चाकाची पकडही तेवढीच कमी होते. स्प्रिंग क्रीक ट्रॅकवर वळणे, आंधळे चढ आणि अचानक येणारे ओढे आहेत; चढाच्या पलीकडे समोरून बस येत असते. इथे बहुतेक वेळ ताशी २० ते ४०. दर पाऊण तासाने पाच मिनिटे थांबून शॉकअबजवळ हाताची मागची बाजू न्यावी. एक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट थंड असेल तर तो काम करत नाही, आणि बाहेरून तेलाचा ओघळ दिसला तर तो गेलाच. तशा गाडीने पुढे जाऊ नये.

ओढे

एप्रिल-मेमध्ये, उद्यान नुकतेच उघडल्यावर, काही ठिकाणी पाणी चांगलेच असते. जुलैपर्यंत ते बहुधा उथळ होते. तरी प्रत्येक ठिकाणी थांबून दोन्ही काठ पाहावेत. उतार, पात्र आणि पलीकडचा चढ यांचा विचार एकदमच करायचा; पुष्कळ गाड्या अडकतात त्या पाण्यात नाही, पलीकडच्या ओल्या, मोकळ्या चढावर. लो रेंज, दुसरा गिअर, सेंटर डिफ लॉक (पुढच्या-मागच्या चाकांना सारखे फिरवणारी कळ), एकसारखा हलका अॅक्सलरेटर. मध्ये गिअर बदलू नये. एक गाडी पूर्ण वर गेल्याशिवाय दुसरी उतरवू नये. बाहेर आल्यावर लगेच थांबू नये, थोडे पुढे जाऊन ब्रेक दोनदा हलके दाबावेत म्हणजे सुकतात. तासभर पळून तापलेला डिफरन्शियल (अॅक्सलच्या मधला गिअरचा डबा) गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (त्याची हवा जा-ये करणारी नळी) खराब असेल तर पाणी आत ओढले जाते. म्हणून पाणी खोल दिसले तर काठावर दहा मिनिटे थांबणे शहाणपणाचे. डांबरावर आल्यावर सेंटर डिफ लॉक काढायला विसरू नये.

बिघाड

आता प्रकरणातला कसोटीचा भाग. परतीत माहिती केंद्र दोनला सोडले. २:५० ला, अठरा किलोमीटरवर, समोरच्या गाडीला वाट देताना डावे मागचे चाक कडेच्या दगडांवर गेले आणि टायरची बाजू बोटभर फाटली. बाजूचा छेद दोरीच्या प्लगने भरत नाही. प्लग फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागासाठी. त्यात वेळ घालवू नये.

गाडी हळू पुढे नेऊन चढाच्या पलीकडे, दोन्ही बाजूंनी दिसेल अशा सपाट जागी उभी करावी. त्यासाठी शे-दोनशे मीटर फाटक्या टायरवर जावे लागले तरी चालेल. टायर तसाही गेला आहे. हॅझर्ड दिवे, हँडब्रेक, पुढच्या चाकांना दगड. मागच्या दारावरची स्टेपनी उतरवून फाटक्या चाकाजवळ चेसीखाली आडवी सरकवावी : जॅक निसटला तर गाडी तिच्यावर टेकते, माणसावर नाही. जमीन मऊ, म्हणून जॅकखाली वीस मिलिमीटर जाडीची, फूटभर चौरस प्लायची फळी. ही फळी भाड्याच्या गाडीत कधीच नसते. आधी कापून न्यावी. मागे सलग अॅक्सल आहे, जॅक त्याखाली लागतो आणि कमी उचलावा लागतो. चाक जमिनीवर असतानाच सहाही नट अर्धा फेरा सैल करावेत. मग उचलणे, बदलणे, समोरासमोरचे नट आलटून-पालटून घट्ट करणे, खाली उतरवून पुन्हा एकदा. स्टेपनीतली हवा बहुधा महामार्गाच्या मापाची असते. ती इतर तीन टायरांइतकी करावी.

सवय नसलेल्या चौघांना याला चाळीस मिनिटे लागतात. ३:३०. उरलेले ३५ किलोमीटर आता ताशी वीसने, कारण मागे स्टेपनी नाही. सव्वापाचला महामार्ग, सूर्य नुकताच मावळलेला, उजेड अजून आहे. एकऐवजी दीडला निघाले असते तर शेवटचे पाच-सात किलोमीटर काळोखात, गुरांमधून.

हाच टायर सकाळी जाताना फाटला असता तर? एकच स्टेपनी असेल तर नियम सरळ आहे : चाक बदला आणि परत फिरा. माहिती केंद्र पाच किलोमीटरवर दिसत असले तरी. दुसरी स्टेपनी छपरावर असेल तर पुढे जाता येते, आणि म्हणूनच या ट्रॅकवर दोन स्टेपन्या न्याव्यात. तिथून गाडी ओढून आणणे अतिशय महाग पडते आणि विम्यात बहुधा बसत नाही.

मुक्कामी आल्यावर काम संपत नाही. दुसऱ्या दिवशी महामार्गाला लागण्यापूर्वी कॉम्प्रेसरने हवा ३६–३८ वर आणावी. कॉम्प्रेसरचे चिमटे थेट बॅटरीला लावावेत. सिगारेट लायटरच्या सॉकेटचा फ्यूज त्याचा भार झेलत नाही. इंजिन चालू ठेवावे. बदललेल्या चाकाचे नट पन्नास-शंभर किलोमीटरवर पुन्हा आवळावेत, मॅन्युअलमधल्या टॉर्कप्रमाणे. बॅटरीचा क्लॅम्प, छपरावरच्या कॅरिअरचे बोल्ट आणि शॉकअबची बुशे तपासावीत. पन्हळींनी यांतले काही ना काही सैल झालेले असते. एअर फिल्टर काढून झटकावा, पण दाबाच्या हवेने बाहेरून आत फुंकू नये, धूळ कागदात रुतते. फाटलेला टायर बदलून घेतल्याशिवाय हॉल्स क्रीक किंवा कुनुनुरा सोडू नये. त्यापुढच्या अंतरांत योग्य मापाचा टायर मिळेल याची खात्री नसते.